पोटावरची पिशवी आणि ताटातला घास

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



आजचा विषय चारचौघांत बोलण्याचा नाही, असं काही जणांना वाटेल. तो बोलला जात नाही, म्हणूनच आज बोलायचं ठरवलं. शस्त्रक्रिया करून पोटावर शौचाचा किंवा लघवीचा मार्ग काढलेली आणि तिथे पिशवी लावलेली माणसं आपल्या गल्लीत, आपल्या कचेरीत, आपल्या नात्यात असतात. ती सांगत नाहीत, म्हणून आपल्याला कळत नाही. परिचारिका म्हणून अशा रुग्णांची शुश्रूषा करण्यात माझी बरीच वर्षं गेली. शुद्धीवर आल्यावर दोन-तीन दिवसांनी हे रुग्ण पहिला प्रश्न विचारतात तो आजाराबद्दलचा नसतोच. ते विचारतात, ‘सिस्टर, आता मी जेवू का? काय जेवू?’ आजचं बोलणं या प्रश्नाभोवतीच आहे.

आधी हे काय असतं ते थोडक्यात सांगते. आतड्याचं तोंड पोटाच्या भिंतीतून बाहेर आणून त्वचेला शिवतात. त्या तोंडाला डॉक्टर ‘स्टोमा’ म्हणतात. मोठं आतडं बाहेर आणलं तर कोलोस्टोमी आणि लहान आतड्याचा शेवटचा भाग आणला तर इलिओस्टोमी. मूत्राशय काढावं लागलं आणि लघवीसाठी मार्ग केला, तर ती युरोस्टोमी. गुदाशयाचा कर्करोग, मोठ्या आतड्याला व्रण पडण्याचा आजार, आतड्याला पडलेला पीळ, अपघातातली इजा, काही बाळांमध्ये जन्मतःच असलेला दोष, अशी याची अनेक कारणं आहेत. काहींचा स्टोमा काही महिन्यांनी बंद करून आतडं परत जोडता येतं, तर काहींना तो जन्मभर सांभाळावा लागतो.

स्टोमा दिसायला लालसर गुलाबी आणि ओलसर असतो, आपल्या गालाच्या आतल्या बाजूसारखा. त्याला वेदना नसते. पुसताना रक्ताचा एखादा ठिपका आला तर घाबरायचं कारण नाही. मात्र त्याचा रंग काळपट किंवा जांभळा झाला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावं. त्याला आवळून धरणारा स्नायू नसतो. त्यामुळे ‘आता थांब, नंतर ये’ असं त्याला सांगता येत नाही. यावर उपाय म्हणून पिशवी असते.

नेमकी इथेच एक घातक सवय सुरू होते. पिशवी भरू नये म्हणून माणूस जेवणंच कमी करतो. बाहेर जायचं म्हणून सकाळपासून उपाशी. लग्नाला जायचं म्हणून आदल्या रात्रीपासून पाणी बंद. दुसऱ्याला त्रास नको म्हणून दोन पोळ्यांची अर्धी पोळी. घरच्यांना वाटतं, पथ्य पाळतोय. आणि दोन महिन्यांनी हा माणूस तपासणीला येतो तेव्हा त्याचे गाल बसलेले असतात, जखम भरलेली नसते, चालताना चक्कर येत असते. कर्करोगाच्या रुग्णाला पुढचे औषधोपचार सोसायला ताकद लागते. ती उपासमारीत निघून गेलेली असते.

श्रोतेहो, उपाशी राहिल्यानं पिशवी रिकामी राहत नाही. आपण खाऊ न खाऊ, आतडं पाचक रस तयार करतच असतं. शिवाय रिकाम्या आतड्यात वायू अधिक धरतो आणि पिशवी फुगते. म्हणजे अन्नही गेलं आणि पिशवीही भरली. म्हणून पहिला नियम असा: जेवण चुकवायचं नाही. दोन मोठ्या जेवणांऐवजी दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं खावं आणि वेळा ठरवून घ्याव्यात. खाण्याला वेळ लागली की पिशवी भरण्यालाही बऱ्यापैकी वेळ लागते. रात्रीचं जेवण लवकर आणि हलकं घेतलं तर झोपमोड कमी होते.

शस्त्रक्रियेनंतरचे पहिले सहा ते आठ आठवडे आतड्याला सूज असते. या काळात मऊ आणि चोथा कमी असलेलं अन्न घ्यावं. त्यासाठी काही वेगळं आणावं लागत नाही, ते आपल्या स्वयंपाकघरातच आहे. पेज, मऊ भात, मुगाच्या डाळीचं वरण, इडली, ताक, शिजवलेला दुधी, साल काढून उकडलेला बटाटा, पिकलेलं केळं. मांसाहार करणाऱ्यांना उकडलेलं अंडं, काटे काढलेला मऊ मासा चालतो. जखम भरून यायला प्रथिनं लागतात, म्हणून वरण, पनीर, दही, अंडी यांत हात आखडता घेऊ नये.

त्यानंतर हळूहळू नेहमीच्या जेवणाकडे वळायचं. इथे मी सगळ्यांना एक वही घालायला सांगते. एका वेळी एकच नवा पदार्थ, तोही थोडासा घ्यायचा. काय खाल्लं, किती वाजता खाल्लं, पुढे काय झालं, ते वहीत टिपायचं. एकदा बाधला म्हणून पदार्थ कायमचा बाद करायचा नाही. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा घेऊन बघायचा. शेजारच्या खाटेवरच्या माणसाला वांगं चाललं नाही म्हणून आपल्यालाही चालणार नाही, असं नसतं. महिन्या-दोन महिन्यांत या वहीतून जे पथ्य निघतं ते त्या माणसाचं स्वतःचं असतं, आणि ते कुठल्याही छापील यादीपेक्षा खरं असतं.

तरी काही गोष्टींबाबत सगळ्यांनीच, विशेषतः इलिओस्टोमी असलेल्यांनी, जपावं. लहान आतड्याचं तोंड पोटाच्या भिंतीतून येताना अरुंद होतं. न चावलेला चोथा तिथे अडकतो. मक्याचं कणीस, लाह्या, सुकं खोबरं, अख्खे शेंगदाणे, कच्चं गाजर, कच्चा कोबी, अळंबी, संत्र्याच्या पाकळीवरची साल, अंजीर-खजुरासारखा सुका मेवा, शेवग्याच्या शेंगेचा चोथा, या सगळ्या अडकणाऱ्या गोष्टी आहेत. शेवग्याची शेंग चोखून चोथा टाकून द्यावा. शेंगदाण्याचं बारीक कूट थोडं घालून बघावं. पालेभाजी बारीक चिरून, चांगली शिजवून घ्यावी. ज्वारीची भाकरी सुरुवातीला नको. पुढे ताज्या भाकरीचा पापुद्रा दुधात किंवा आमटीत कुस्करून सुरू करावा. आणि चावून खावं. घास तोंडातच पातळ झाला पाहिजे. ज्यांना कवळी आहे त्यांनी ती सैल तर नाही ना, हे पाहून घ्यावं. तिचाही संबंध आतड्याशी आहे.

इलिओस्टोमीच्या पिशवीत चार-सहा तास काहीच आलं नाही, पोटात कळा येत असतील, उलटी होत असेल, तर ते अडथळ्याचं लक्षण समजावं. अशा वेळी घट्ट काही खाऊ नये, जुलाबाचं औषध तर अजिबात घेऊ नये. वेळ न घालवता रुग्णालय गाठावं.

आता वायू आणि वास. लोकांना धास्ती असते ती याचीच. कोबी, फ्लॉवर, मुळा, कांदा, राजमा, चवळी, हरभरा, सोड्याची पेयं यांनी वायू धरतो. पण वायू नुसता पदार्थांतून येत नाही, तो आपण गिळतोही. भराभरा खाणं, जेवताना सतत बोलणं, नळीनं पेय ओढणं, तंबाखू किंवा पान चघळणं, या सगळ्यांत हवा पोटात जाते. पदार्थ खाल्ल्यावर इलिओस्टोमीत साधारण दोन ते चार तासांनी आणि कोलोस्टोमीत सहा ते आठ तासांनी वायू येतो. एवढं माहीत असलं की वाटाण्याची उसळ सोडायची गरज नाही, ती कधी खायची ते ठरवता येतं. संध्याकाळी सभा असेल तर दुपारी नको, रात्री घरी आल्यावर चालेल. सुके बोंबील, अंडी, लसूण यांनी वास वाढतो. ताक-दह्यानं काहींचा कमी होतो. पण पिशवी नीट चिकटलेली असेल तर वास बाहेर येतच नाही. तो आला तर कुठेतरी गळती आहे असं समजून पिशवी बदलावी. वायू जावा म्हणून काही जण टाचणीनं पिशवीला भोक पाडतात. ते कधीही करू नये. वायू शोषून वास अडवणारी, कोळशाची गाळणी असलेली पिशवी मिळते.

पिशवीत पातळ येत असेल तर भात, केळं, उकडलेला बटाटा, शिजवलेलं सफरचंद, साबुदाण्याची खीर यांनी ते घट्ट व्हायला मदत होते. तिखट, तळकट, फार गोड पेयं, जास्त कॉफी आणि दारू यांनी पातळपणा वाढतो. बीट खाल्ल्यावर लाल, पालकानं हिरवं, लोहाच्या गोळीनं काळं दिसू शकतं. आदल्या दिवशी काय खाल्लं ते आठवावं, म्हणजे निम्मी भीती जाते. तसं काही खाल्लेलं नसताना लाल किंवा काळं आलं, तर मात्र दाखवावं.

पाण्याबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण इथे जिवाशी गाठ असते. खाणं-पिणं आणि पाचक रस मिळून दिवसाला सुमारे आठ-नऊ लिटर द्रव आपल्या लहान आतड्यात येतो. त्यातला बराचसा तिथेच शोषला जातो आणि उरलेला लिटर-दीड लिटर मोठं आतडं शोषून घेतं. इलिओस्टोमीत मोठ्या आतड्याची ही मदत उरत नाही. पाणी जातं आणि त्याबरोबर मीठही जातं. सगळं स्थिरावल्यावर दिवसाला साधारण 500 ते 800 मिलिलिटर जाणं हे ठीक. ते दीड लिटरच्या वर गेलं, तर शरीर कोरडं पडू लागतं. लघवी कमी आणि गडद होते, तोंडाला कोरड पडते, पोटऱ्यांत गोळे येतात, उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. अशा वेळी माणूस तांब्यामागून तांब्या साधं पाणी पितो, आणि त्यानं उलट पिशवी आणखी भरते. नुसतं पाणी पुरत नाही, त्यात मीठ आणि साखर लागते. औषधांच्या दुकानातली जलसंजीवनीची पुडी त्यासाठीच आहे. ती नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालून ते घोट घोट प्यावं. मीठ घातलेलं ताक, पेज, वरणाचं पाणी हेही चांगलं. रक्तदाब, मधुमेह, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर मीठ-साखरेचं प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावं. विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात शेतात काम करणाऱ्यांनी हे फार सांभाळावं.

कोलोस्टोमीचं गणित वेगळं. तिथे मोठ्या आतड्याचा काही भाग कामावर असतो. त्यांना बद्धकोष्ठही होऊ शकतं. सूज उतरल्यावर त्यांनी भाज्या, फळं, कोंड्यासकट पोळी आणि पुरेसं पाणी घ्यावं, रोज चालावं. युरोस्टोमी असलेल्यांनी दिवसाला दोन लिटरच्या आसपास पाणी प्यावं. लघवीत पांढरे चिकट धागे दिसले तर तो आतड्याचा स्राव असतो, पू नव्हे. ताप, पाठीत दुखणं, लघवी गढूळ होणं हे मात्र जंतुसंसर्गाचं लक्षण आहे.

उपासाचं मला हटकून विचारतात. आषाढी-कार्तिकी चुकवायची कशी? फराळाचा उपास करायला हरकत नाही. पण साबुदाण्याच्या खिचडीत दाण्याचं कूट बारीक असावं, आणि वरीचे तांदूळ मऊ शिजवावेत. इलिओस्टोमी असलेल्यांनी निर्जळी उपास मात्र करू नये. रमझानच्या रोज्याचंही तसंच, डॉक्टरांशी बोलून ठरवावं. आजारी माणसाला सवलत देणं कोणत्याच धर्माला अमान्य नाही.

औषधांचंही एक सांगते. काही गोळ्यांवर जाड आवरण असतं, काही दिवसभर हळूहळू विरघळणाऱ्या असतात. इलिओस्टोमीत त्या पूर्ण विरघळण्याआधीच पिशवीत येतात. रक्तदाबाची गोळी घेतली, पण लागू पडली नाही, असं होतं. पिशवीत अख्खी गोळी दिसली तर डॉक्टरांना जरूर सांगावं. कोणत्याही नव्या डॉक्टरांकडे जाल तेव्हा आपल्याला स्टोमा आहे हे पहिल्या वाक्यात सांगावं.

आता रोजच्या सवयी. पिशवी एक-तृतीयांश भरली की रिकामी करावी. जास्त भरली की वजनानं चकती सुटते. चकती साधारण तीन-चार दिवसांनी बदलावी, उन्हाळ्यात घामामुळे त्याआधीही. सकाळी चहाच्या आधी बदललेली बरी, तेव्हा आतडं शांत असतं. पहिल्या दोन महिन्यांत स्टोमा आकसतो, म्हणून दर वेळी माप घ्यावं. चकतीचं भोक स्टोमापेक्षा दोन-तीन मिलिमीटरच मोठं असावं. मोठं ठेवलं तर मळ त्वचेला लागतो आणि ती सोलवटते. त्वचा साध्या कोमट पाण्यानं धुऊन कोरडी करावी. तिथे तेल, मलम, पावडर लावली की चकती चिकटत नाही. दिवाळीत अभ्यंगस्नान खुशाल करावं, पण तेलाचा हात चकतीपासून लांब ठेवावा. अंघोळ पिशवीसकट करता येते. पिशवी काढून केली तरी साबणाचं पाणी आत जात नाही. वापरलेली पिशवी रिकामी करून कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकावी, संडासात टाकू नये.

आज या पिशव्या हाताशी आहेत, पण त्या फार जुन्या नाहीत. एलिसे सोरेन्सेन ही डेन्मार्कमधली परिचारिका. तिच्या बहिणीचा, थोराचा, स्टोमा केल्यावर ती लोकांत जायला धजेना. तिच्यासाठी 1954 साली एलिसेनं चिकटणाऱ्या, वापरून टाकून देण्याच्या पिशवीची कल्पना काढली. त्याच दशकात अमेरिकेत क्लीव्हलँड इथे डॉक्टर रूपर्ट टर्नबुल यांनी स्टोमाभोवतीची त्वचा जपायला कराया डिंक वापरला. हा डिंक ज्या झाडाचा, ते आपल्याकडचं कांडोळ. आपल्या रानातल्या पांढऱ्या खोडाच्या झाडानं परदेशातल्या कितीतरी रुग्णांची त्वचा राखली. याच टर्नबुल यांची रुग्ण नॉर्मा गिल 1958 साली जगातली पहिली स्टोमा प्रशिक्षक झाली. शिकवणारी स्वतःच पिशवी लावणारी होती. आजही रुग्णाला सगळ्यात जास्त धीर येतो तो असा दुसरा रुग्ण समोर बसून हसत बोलला की.

कपड्यांचं सोपं आहे. परकराची किंवा पायजम्याची नाडी नेमकी स्टोमावर आवळू नये. ती थोडी वर किंवा खाली बांधावी. खरं तर हा विचार शस्त्रक्रियेआधीच व्हायला हवा. ज्यांची शस्त्रक्रिया ठरली आहे त्यांनी डॉक्टरांना सांगावं, की मी नऊवारी नेसते, मी मांडी घालून जेवायला बसतो, मी पट्टा इथे बांधतो. जागेची खूण बसवून आणि उभं करून मगच करा. पाच मिनिटांच्या या कामानं पुढची अनेक वर्षं सुखाची होतात. पहिले दोन-तीन महिने पाण्याचा हंडा, धान्याचं पोतं, गॅसचं सिलिंडर उचलू नये, नाहीतर स्टोमाशेजारी हर्निया होतो. खोकला आला तर तिथे हात धरावा. त्यानंतर नोकरी, शेती, शिवणकाम, मुलांना शाळेत सोडणं, सगळं करता येतं. प्रवासात एक छोटी थैली हाताशी ठेवावी. तिच्यात आधीच कापून ठेवलेली चकती, पिशवी, पाण्याची बाटली, जुनं वर्तमानपत्र आणि एक जादा कपडा असावा. ती एसटीच्या टपावर किंवा सामानात जाऊ देऊ नये.

आणि देवघर? ‘सिस्टर, मी पूजा करू का?’ असं एक आजी मला इतक्या हळू आवाजात विचारत होत्या, की मला वाकून ऐकावं लागलं. मी म्हटलं, ‘आजी, तुमच्या पोटात जे आहे तेच सगळ्यांच्या पोटात आहे. तुमचं फक्त पिशवीत आहे, एवढाच फरक.’ त्या हसल्या. पुढच्या खेपेला तिळगूळ घेऊन आल्या.

घरच्यांना माझी एक विनंती आहे. या माणसाचं ताट वेगळं वाढू नका. सगळ्यांचा भात थोडा मऊ झाला तर काही बिघडत नाही. पिशवी बदलायला शिका, पण ज्याला स्वतःला करता येतं त्याला करू द्या. पती-पत्नींनी एकमेकांपासून लांब झोपू नये. स्पर्शानं काही इजा होत नाही. तरुण मुलींच्या आईवडिलांनी हेही ध्यानात ठेवावं, की स्टोमा असताना लग्न होतं आणि मुलंही होतात.

मदतीला माणसं आहेत. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात स्टोमा क्लिनिक आहे. ऑस्टॉमी असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्थाही मुंबईतच काम करते. 1993 पासून ऑक्टोबरचा पहिला शनिवार जागतिक ऑस्टॉमी दिन म्हणून ओळखला जातो. तुमच्या जिल्ह्यात कोणाची शस्त्रक्रिया झाली असेल, तर तिथल्या शल्यविशारदांकडे प्रशिक्षित परिचारिकेची चौकशी करा.

श्रोतेहो, ही शस्त्रक्रिया जीव वाचवण्यासाठी केलेली असते. वाचलेला जीव अर्धपोटी, दाराआड ठेवायचा नसतो. आज रात्री तुमच्या घरात असा कोणी पानावर बसला असेल, तर त्याला आग्रह करा. गरम भात, वर तुपाची धार, आणि ‘सावकाश होऊ द्या’ एवढंच म्हणा.